मामाचं चालणं

मी एक सिनेमा केला आहे. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवण करून द्यायची माझी इच्छा नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. बंद पडलेल्या कारखान्यात सहा तरुण मुलंमुली शिरतात आणि मुखवटा घातलेला एक माणूस त्यांना एकेक करून मारतो, एवढीच गोष्ट. तो का मारतो हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण मी लिहायला बसलो आहे ते सिनेमाबद्दल नाही, माझ्या मामाबद्दल.

मामा शाळेत शिपाई होता. म्हणजे साऱ्या शाळेचाच मामा. सख्खा मात्र माझ्या एकट्याचा. वर्ग उघडणं, घंटा देणं, फळे पुसायची फडकी धुणं ही त्याची कागदावरची कामं. खरं काम दुपारी साडेबाराला. बालवाडी सुटली की समोरचा वर्दळीचा रस्ता ओलांडून पोरांना पलीकडे आईबापांच्या हवाली करायचं. त्यासाठी त्याने एक जाड दोरी आणली होती आणि तिला हात हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. एका गाठीला एक पोर. एका खेपेला वीस पोरं, पुढे मामा, मागे एखादी बाई. कोणाच्या बुटाची नाडी सुटते, कोणाची पाण्याची बाटली गळते, कोण गाठ सोडून कुत्र्याच्या मागे जाईल, हे त्याला तोंडपाठ होतं.

मामाचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता. लहानपणी पायरीवरून पडला, हाड वाकडं जुळलं आणि तसंच राहून गेलं. एक पाऊल टाकायचं, दुसरं मागून त्याच्याजवळ आणायचं, असं ते चालणं. गंमत अशी की ते चार वर्षांच्या पोराच्या वेगाशी बरोबर जुळायचं. एकदा मामा तापाने घरी होता तेव्हा खेळाच्या सरांनी दोरी धरली, तर निम्मी पोरं गाठी सोडून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मामाला निरोप पाठवला की ताप असला तरी साडेबाराला तेवढे येऊन जा.

मी त्याच शाळेत शिकलो. हा माझा सख्खा मामा आहे हे मी दोन वर्षं वर्गात कोणाला कळू दिलं नव्हतं. पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची आणि मी त्यांच्यात उभा राहून हसायचो. एकदा त्याने ते पाहिलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे." रागावला असता तर बरं झालं असतं, पण रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आपल्याला चालताना कोणी बघावं, हे त्याला आवडायचं नाही. त्यासाठी त्याने आयुष्यभर नाना युक्त्या केल्या. शाळेत सगळ्यांच्या आधी तासभर पोचायचा. कुठल्या समारंभाला गेला तर आधी जाऊन खुर्ची धरायचा आणि मांडव रिकामा झाल्यावर उठायचा. मामी चिडायची, "लोकांना वाटतं आपल्याला जेवायचीच घाई." फक्त दोरीच्या पुढे तो कोणाची पर्वा न करता चालायचा, कारण मागची वीस माणसं त्याच्यासारखीच चालत असायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि ती दोन वर्षं दोरीवर जावीत, याहून जास्त त्याला काही नको होतं.

आता माझ्याकडे येतो. मी तेव्हा लग्नाच्या चित्रफिती काढून कंटाळलो होतो आणि मला सिनेमा करायचा होता. पैसे लावणारा भेटला तो रोलिंग शटर बनवणारा, त्याला सगळे शटरशेठ म्हणत. त्याची एक जुनी शेड रिकामी पडली होती आणि अंगात कलेचा किडा होता. अट एकच, खून शटर खाली ओढायच्या लोखंडी आकड्यानेच झाले पाहिजेत, आणि आकडा पडद्यावर नीट दिसला पाहिजे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशा थाटात मी हो म्हणालो.

रात्री चित्रीकरण करायचं तर दिव्यांना जनरेटर लागतो, तो परवडणारा नव्हता. म्हणून आम्ही शेडच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारी रात्र करायचो. आत भट्टी व्हायची. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. त्याला मुंग्या लागायच्या, आणि मेलेली माणसं खाजवायला लागायची. शाळेला सुट्टी होती म्हणून मामा मदतीला येत होता. डबे आणायचा, काळी कापडं सांभाळायचा, कुठून उजेड गळतोय ते बसल्या जागेवरून सांगायचा.

मुखवटा आम्ही शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याचं तोंड कापून केला होता. पांढरा रंग, डोळ्यांना दोन भोकं, ओठ खरवडून काढलेले. तो घालायला व्यायामशाळेतला एक धिप्पाड गडी धरला होता. दोन दिवस त्याने आकडा फिरवला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपला चेहरा सिनेमात कुठेच दिसणार नाही. "मग मी घरच्यांना दाखवू काय?" असं विचारून तो निघून गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी मला फक्त एक तुकडा हवा होता. लांब बोळ, टोकाला खुनी, तो कॅमेऱ्याकडे चालत येतो. मी मामाला म्हटलं, "मामा, जरा मुखवटा घालून उभा राहा, उजेड बघतो."

तो उभा राहिला. मग मी म्हटलं, "आता चालत ये."

"माझं चालणं माहीत आहे ना तुला?"

"मुखवटा आहे. कोणाला कळतंय कोण ते."

आधी तो जमेल तेवढं नीट, सावरून चालला. ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, "तसं नको. तुझं रोजचं चाल." मग तो त्याचं चालला, आणि कॅमेऱ्यामागे माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. हावरटाला ताट दिसल्यावर जे होतं ते. मी त्याला सात वेळा चालवलं. दर वेळी सगळे टाळ्या वाजवत होते. बाकीचे खूनसुद्धा मग मामाच्याच हातून झाले.

त्या संध्याकाळी घरी जाताना तो वाटेत थांबून म्हणाला, "आज इतके लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला काहीच वाटलं नाही रे." चेहऱ्यावर कधी न पाहिलेला आनंद होता. मी त्याला शब्द दिला की हे कोणालाही कळणार नाही. चेहरा झाकला की माणूस झाकला, असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं. लोक एकमेकांना मामा बनवतात म्हणतात. मी मामालाच बनवलं, आणि तेही बनवतोय हे न कळता.

सिनेमा चालला असं कोणी म्हणणार नाही. पण बोळातला तो बारा सेकंदांचा तुकडा शटरशेठने जाहिरातीसाठी सोडला आणि तो घरोघरच्या फोनवर पोचला. पांढरं तोंड, हातात आकडा, एक पाऊल, आणि मग ओढत येणारा पाय, खर्र. मामाने स्वतः तो बघितला नाही. सिनेमाही बघितला नाही. म्हणायचा, "मारणारा मीच, मग मला कसली भीती वाटणार?" शटरशेठ खूश होता. त्याने 'मुखवट्यामागे कोण?' अशी स्पर्धा लावली, उत्तर दुसऱ्या भागात. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. मामा तर सांगितल्यावाचूनच गप्प होता.

शाळा सुरू झाली. आधी मोठी पोरं मामाच्या मागून पाय ओढत, तोंडाने खर्र खर्र करत चालायला लागली. मामाला वाटलं, नेहमीचंच आहे, असू दे. मग मोठ्या भावंडांनी तो तुकडा धाकट्यांना दाखवला. एका दुपारी मामा दोरी घेऊन फाटकाशी उभा राहिला आणि पहिल्या गाठीची मुलगी, जी रोज त्याचं बोट धरायला धावत यायची, ती बाईंच्या मागे लपली. मामा तिच्यापुढे वाकला तर ती म्हणाली, "तुम्ही मला आकड्याने मारणार?" तिची चड्डी ओली झाली होती. तिला बघून बाकीची रडायला लागली. त्या दिवशी एकाही पोराने गाठ धरली नाही, आणि पलीकडे उभे राहिलेले आईबाप रस्ता ओलांडून इकडे आले.

हे मला मामाने नाही, मामीने सांगितलं. ती दारात उभी राहूनच बोलली, आत ये म्हणाली नाही.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मला त्यांनी चौथीत शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्या खोलीत मी आपोआप हात मागे बांधून उभा राहिलो. कोपऱ्यात मामाही उभा होता.

"आईवडिलांची तक्रार आली आहे," बाई म्हणाल्या. "मला एकच सांग. त्या सिनेमात आहेत ते मामा आहेत का?"

हो म्हटलं असतं तर पुढे काहीतरी करता आलं असतं. पोरांना सांगता आलं असतं की हा आपलाच मामा, नाटक करत होता. मी म्हणालो, "नाही बाई. तो आमचा नट आहे."

"मग त्या नटाला हे चालणं कुठून सुचलं?"

"आम्ही त्याच्याकडून बसवून घेतलं."

"कोणाचं बघून?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं होतं. मामाच बोलला. "बाई, तो खरं सांगतोय. मी कशाला जातोय सिनेमात?"

त्याने मला वाचवलं. आणि वाचवताना हेही कबूल केलं की भाच्याने त्याच्या पायाची नक्कल काढून जगाला दाखवली आणि त्याला विचारलंसुद्धा नाही. शटरशेठच्या कागदाला घाबरून मी खोटं बोललो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. बाईंच्या तोंडावर "होय, मी माझ्या मामाचं लंगडणं विकलं" असं म्हणायची मला लाज वाटली. लाज वाचवायला गेलो आणि तिच्याहून मोठी लाज घरी घेऊन आलो.

मामाची बदली जुन्या दप्तराच्या खोलीत झाली. दोरी खेळाच्या सरांकडे गेली. दप्तराच्या खोलीत चाळीस वर्षांची हजेरीपुस्तकं, धूळ आणि एक स्टूल. साडेबाराला घंटा द्यायला तो बाहेर यायचा आणि पोरं बाहेर पडायच्या आत परत आत जायचा. मामी म्हणाली, "यांचं जेवणावरचं लक्ष उडालंय. घरी येतात आणि बसून राहतात. मी विचारलं तर म्हणतात, असू दे. अरे, किती असू द्यायचं?"

दोन महिने मी काही केलं नाही. करायचं ठरवत होतो, एवढं मात्र रोज करत होतो. मग एकदाचा उठलो, शटरशेठला सांगून टाकलं की मी खरं काय ते बोलणार आहे, तुला काय करायचं ते कर. तो मला मनसोक्त शिव्या देऊन मोकळा झाला. तिथून तडक बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला त्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय होणार? त्या पोरांना सांग."

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात बालवाडीची पोरं आणि त्यांचे आईबाप बसले. मामाला बाईंनी निरोप पाठवला होता, पण कशासाठी ते सांगायचं काम माझं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आयत्या वेळी कळलं तर त्याला आनंद होईल. इतकं सगळं झाल्यावरही माझी अक्कल एवढीच.

मी पिशवीतून मुखवटा काढला. पुढची पोरं मागे सरकली. मी म्हटलं, "हे पुतळ्याचं तोंड आहे. याच्या मागे कोणी राक्षस नव्हता. आपले मामाच होते. मी त्यांना सांगितलं म्हणून त्यांनी नाटक केलं. मामा खूप चांगले नट आहेत." मग मी दाराकडे बघितलं. मामा तिथे उभा होता. मी म्हटलं, "मामा, इथपर्यंत चालत ये. पोरांना बघू दे, तेच चालणं आणि आपलाच मामा."

सगळ्या माना तिकडे वळल्या. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चालायला लागला.

तो सरळ चालला. एक पाऊल, दुसरं पाऊल, दोन्ही सारखी. खांदा वर नाही, खाली नाही. सभागृहाची सारी लांबी तो तुमच्याआमच्यासारखा चालत आला. कपाळावर घाम होता, पण तोंडावर हसू होतं. पहिल्या गाठीची ती मुलगी आईच्या मांडीवरून खाली उतरली, त्याच्या पायांकडे नीट निरखून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "हे ते नाहीत."

"नाहीच मुळी," मामा म्हणाला.

पोरं हसायला लागली. आईबाप हसले. एक बाप माझ्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला, "जाहिरातीसाठी काय काय करतील ही माणसं." माझ्या हातात मुखवटा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून मी खोटा पडलो होतो. बाई मामाच्या बुटांकडे बघत होत्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "सोमवारपासून फाटकावर या, मामा."

नंतर दप्तराच्या खोलीत तो स्टुलावर बसला आणि डावा बूट काढला. मोच्याकडून त्याने तळाला तीन बोटं जाडीचा थर मारून घेतला होता आणि तो दिसू नये म्हणून विजार लांब करून घेतली होती. टाच सोलवटली होती. दोन महिने, दार लावून, हजेरीपुस्तकांच्या दोन रांगांमध्ये तो सरळ चालायचा सराव करत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वयात असं करू नका, कंबर जाईल.

"मामा, मी खरं सांगायला आलो होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे. चांगलं केलंस." तो टाचेवर फुंकर घालत होता. "पण खरं ऐकून पोरांनी गाठ धरली नसती रे."

सोमवारी पोरांनी गाठी धरल्या. तेव्हापासून तो रोज सरळ चालतो. मी अधूनमधून दुपारी रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि मला त्याच्याकडे धड बघता येत नाही.

दुसरा भाग मी केला नाही. शटरशेठने दुसरा दिग्दर्शक गाठला. मुखवटा घालायला कोणीतरी हवाच होता, तर निवडीच्या दिवशी शेडबाहेर पोरांची रांग लागली म्हणे, आणि त्यातल्या प्रत्येकाला ते चालणं येत होतं.

परवा दोरी गुंडाळून झाल्यावर मामा फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला. मला हाक मारली.

"दुसरा भाग निघतोय म्हणे."

"हो. मी नाही त्यात."

"असू दे." मग कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "एक काम होतं. बूट काढला ना, की घरात माझा तोल जातो. भिंत धरून हिंडावं लागतं. मामीसमोर बरं दिसत नाही. आधी कसा चालायचो ते आठवतच नाहीये. तुझ्याकडे आहे ना ते? दाखव एकदा. बघून बसवतो."

मी फोन काढला. त्याने तो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि बारा सेकंद बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा त्याने फोन कानाजवळ नेला.

"एवढा आवाज यायचा माझ्या पायाचा?" तो म्हणाला. "इतकी वर्षं पोरं ऐकत होती, आणि कोणी बोललं नाही मला."

वर सगळं लिहिलं, हे एवढं लिहायचं मी टाळत आलो. मामाच्या पायाचा आवाज येत नसे. तो आपलं पाऊल अगदी अलगद उचलून आणायचा, शेडमध्येही तसंच आणलं होतं. मला ते फिकं वाटलं, म्हणून मी नंतर एक दिवस एकटा बसलो, शटरचा आकडा फरशीवरून ओढला, आणि तो आवाज त्याच्या पावलाखाली लावला.

"तो तुझा नाही, मामा," मी म्हणालो. "तो मी घातलाय."